डाग कुठे आहे? पाण्याने बिघडलेल्या एका टेबलाविषयी

(जव्हार येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



मागच्या वेळी आम्ही प्रमाणशास्त्रावर बोललो, तेव्हा शेवटच्या रांगेत दोघे-तिघे शांतपणे झोपले होते. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आज विषय टेबलाचा घेतला आहे. (हशा) पाण्याने खराब झालेले लाकडी टेबल पुन्हा नीट कसे करायचे, एवढाच. तत्त्वज्ञान मध्ये येईल, त्याला इलाज नाही. चाळीस वर्षांची सवय आहे. आणि आज 'आम्ही' म्हटले की घरातले दोघेही धरा. घासण्या-पुसण्याचे निम्मे काम हिने केले आहे. घाई कोणी केली, ते शेवटी कुणी विचारले तर सांगू.

जव्हार-मोखाड्यात राहणाऱ्यांना पावसाचे वर्णन करून सांगायला नको. साधारण साडेचारशे मीटर उंचीवरचे हे आपले गाव चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेते. श्रावणात मिठाला पाणी सुटते, काडी ओढली की गूल निघून येतो, कपाटाचे दार लागत नाही. आणि हाच मोखाडा मे महिन्यात हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट बघतो. माणसे या दोन टोकांत राहतात, तसे लाकूडही राहते. फरक इतकाच की लाकूड तक्रार उशिरा करते.

टेबल

आमचे टेबल सागवानी आहे. साडेचार फूट लांब, दोन फूट रुंद, एक खण. वडील १९५० च्या दशकात मोखाड्याच्या बाजूला प्राथमिक शिक्षक होते, तेव्हा तिथल्याच एका सुताराने ते केले. वडील त्यावर वह्या तपासत. पण खरे काम रात्री चाले. गावातली ज्यांना लिहिता येत नसे ती माणसे येत, आणि वडील त्यांचे अर्ज लिहून देत. जमिनीचे अर्ज, मनीऑर्डरचे फॉर्म, कुणाच्या मुलाला वसतिगृहात घ्यावे म्हणून विनंती. खाली कार्बन ठेवून, दाबून, दोन प्रती. एक साहेबाला, एक त्या माणसाला. त्यामुळे टेबलावर अक्षरांचे वळ उठले. समोरून बघितले तर काही दिसत नाही. संध्याकाळी उजेड तिरका पडला की दिसतात. उजव्या कडेला तळहाताएवढा शाईचा डाग आहे. दौत तिथे ठेवलेली असे आणि ती एकदा लवंडली होती.

पुढे टेबल पुण्याला गेले. तिथे १९७० च्या सुमारास त्यावर फ्रेंच पॉलिश झाले. निवृत्तीनंतर आम्ही इकडे आलो, तेव्हा टेबलही परत आले.

तीन वर्षांपूर्वी आषाढात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही पुण्याला गेलो. आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. इकडे वाऱ्याने एक कौल सरकले आणि बरोबर टेबलावर धार लागली. टेबलावर डावीकडे वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, उजवीकडे लोखंडी पेटी. दार उघडले तेव्हा गठ्ठ्याचा लगदा झाला होता. तो उचलला, खाली पांढुरका पट्टा. पेटी उचलली, खाली काळाकुट्ट चौकोन. दोन फळ्यांमधला सांधा उघडला होता, आणि एका पायाच्या बुडाशी नख लावले तर रुतत होते.

तीन डाग, तीन थर

आता पहिला मुद्दा. आपण म्हणतो, 'टेबलाला डाग पडला'. पण कशाला पडला? टेबल ही एक वस्तू दिसते, प्रत्यक्षात तिथे निदान तीन गोष्टी आहेत: वरचा लेप, लेपाखालचे लाकूड, आणि लाकडाचे तुकडे एकमेकांना धरून ठेवणारे सांधे. पाण्याने तिघांना वेगवेगळे बिघडवलेले असते, आणि उपायही तीन वेगळे आहेत. हे न ओळखता हातात पॉलिशपेपर घेणे म्हणजे नाडी न बघता औषध देणे.

पांढरा डाग बहुतेक वेळा लेपातच असतो. फ्रेंच पॉलिश म्हणजे चपडी, अर्थात लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून चढवलेली. या थरात ओल शिरली की त्यात अतिसूक्ष्म पोकळ्या होतात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि थर दुधाळ दिसतो. खालचे लाकूड ठणठणीत असते. असा डाग नुसत्या कोरड्या हवेने फिकट होतो. उरलेला असेल तर स्पिरिटचा किंचित ओला बोळा हलक्या हाताने फिरवला की लाख थोडी विरघळून पुन्हा बसते.

काळा डाग लाकडात असतो. तो पुसून जात नाही, कारण तिथे रासायनिक क्रिया झालेली असते. त्याच्याकडे नंतर येऊ.

तिसरे नुकसान डागासारखे दिसतच नाही. सांधा सैल होणे, लाकूड मऊ पडणे. दाभण टोचून बघावे. निरोगी साग दाभणाला दाद देत नाही. कुजलेल्यात दाभण लोण्यात शिरल्यासारखे जाते.

न्याय-वैशेषिकांनी संबंधाचे दोन प्रकार फार काळजीने वेगळे केले आहेत. संयोग आणि समवाय. हात आणि पुस्तक यांचा संयोग: दोन वेगळी द्रव्ये जुळली, ती सुटूही शकतात. कापड आणि त्याचा रंग, कापड आणि त्याचे तंतू यांचा समवाय: एक दुसऱ्याला धरूनच राहते, वेगळे काढून बाजूला ठेवता येत नाही. लेपाचा लाकडाशी संयोग आहे. पेटीच्या काळ्या डागाने मात्र लाकडाचा रंगच बदलला. काटेकोर नैयायिक आमच्या या उदाहरणावर हरकत घेईल, पण टेबल दुरुस्त करायला बसलेल्या माणसाला एवढे पुरते. जे संयोगाने आले आहे ते खरवडण्याची गरज नाही, ते सोडवायचे असते.

आमची चूक

हे सगळे आज शहाणपणाने सांगतो आहोत. तेव्हा आम्ही दोन चुका केल्या.

पहिली: डाव्या कोपऱ्यात 'बघू तर खरे' म्हणून जाड पॉलिशपेपर चालवला. दहा मिनिटांत वीतभर जागा नव्यासारखी पिवळसर निघाली. आम्ही खूश. संध्याकाळी तिरका उजेड आला, तेव्हा त्या वीतभर जागेतले वळ गेलेले दिसले. अक्षरांची खोली ती किती, केसाएवढी. ती परत आणण्याचा उपाय जगात नाही.

दुसरी: श्रावणातच वरून चपडीचा हात दिला. सकाळी टेबल दुधाने पुसल्यासारखे पांढरे. कारण सोपे आहे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर बसते आणि लेपात अडकते. शिवाय खालचे लाकूड ओलेच होते. ज्याला वाळायचे होते त्याच्यावर आम्ही झाकण घातले.

पाणी लाकडात राहते कुठे

लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. एक पेशींच्या पोकळीतले मोकळे पाणी, दुसरे पेशींच्या भिंतीत धरलेले. मोकळे पाणी निघून गेले तरी लाकडाचा आकार बदलत नाही. भिंतीतले निघू लागले की लाकूड आकसते. भिंती तुडुंब असतात तेव्हा लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के पाणी असते. हवेची आर्द्रता दीर्घकाळ ९० टक्के राहिली तर लाकूड २० टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. ५० टक्के आर्द्रतेत ९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचे टेबल वर्षभर या दोन आकड्यांमध्ये ये-जा करते. गंमत अशी की लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो. दोन फूट रुंदीच्या सागवानी पाटात अर्धा ते एक सेंटिमीटर. सागाचे हे प्रमाण कमी समजले जाते, तरी एवढे! म्हणून पाट सांगाड्याला घट्ट ठोकून टाकायचा नसतो, स्क्रूला सरकायला थोडी जागा ठेवायची असते. नाहीतर तो फाटतो.

वाळवायचे कसे? उन्हात मुळीच नाही. एक बाजू लवकर वाळते, दुसरी ओली राहते, आणि फळी पन्हाळीसारखी वळते. आम्ही पाट सोडवला, सावलीत दोन वाशांवर आडवा ठेवला, खालून-वरून वारा मिळेल असा. आणि वाळला हे कसे ओळखायचे? हाताला कोरडे लागते, पण हात फक्त पृष्ठभाग जाणतो. आम्ही टेबलाचा खण दर रविवारी किराणा दुकानाच्या काट्यावर नेऊन ठेवायचो. पहिल्या रविवारी तीन किलो साडेचारशे ग्रॅम. दर आठवड्याला थोडे कमी. दुकानदार म्हणायचा, 'सर, आज काय भाव?' (हशा) दिवाळीनंतर सलग तीन रविवार वजन तीन किलो शंभरवर थांबले, तेव्हा आम्ही मानले की आता लाकूड हवेच्या बरोबरीला आले. पाट खणापेक्षा जाड, म्हणून त्याला आणखी महिना दिला. प्रत्यक्षाला अनुमानाची जोड द्यावी लागते ती अशी.

नौकेवरचे टेबल

वाळेपर्यंत आमच्याकडे वेळच वेळ होता. आमचा एक जुना विद्यार्थी मुंबईच्या बंदरात शिडाच्या नौकेवर सुट्ट्या घालवतो. त्याला फोन केला. पाणी आणि लाकूड यांचे भांडण ज्यांच्या घरात रोजचे, त्यांनाच विचारलेले बरे.

तो म्हणाला, नौकेच्या केबिनमधल्या टेबलाला कडेने बोटभर उंच पट्टी असते, लाटेने ताट घसरू नये म्हणून. आणि पाणी नेमके त्या पट्टीच्या आतल्या कोपऱ्यात साचते. तिथले टेबल नीट करताना आधी गोड्या पाण्याने धुवायचे, कारण मीठ लाकडात राहिले तर ते हवेतली ओल ओढत राहते आणि वरचा कुठलाही लेप टिकत नाही. आपल्याकडे मीठ नाही, ती पायरी सुटली. पण पुढच्या दोन गोष्टी आम्ही वहीत लिहून घेतल्या. एक: लेप सहाही बाजूंना द्यायचा, खालच्या न दिसणाऱ्या बाजूलासुद्धा. वरून बंद आणि खालून उघडे ठेवले तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओल घेतात आणि पाट वाकतो. दोन: कापलेल्या टोकांना जास्तीत जास्त लेप. उसाचे कांडे आडवे कापले की रस टोकातून येतो. लाकडाच्या नळ्याही तशाच लांबीत असतात. पाणी सपाट बाजूपेक्षा टोकातून कितीतरी झपाट्याने चढते. आमच्या टेबलाचा पाय बुडाशीच का कुजला, ते तेव्हा कळले. जमिनीवरच्या थारोळ्यात तो तीन आठवडे उभा होता.

आपला पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या एका टोकाला सातपाटीचे कोळी, दुसऱ्या टोकाला मोखाड्याचे जंगल. एकीकडे साग वाढतो, दुसरीकडे लाकडाला समुद्र सोसावा लागतो. सागाची समुद्रातली ख्याती मोठी आहे. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या इथे सागवानी जहाजे बांधली. त्यांतले 'त्रिंकोमाली' हे जहाज १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरले. आज दोनशे वर्षांनंतर ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. त्यात बदललेल्या, पुन्हा बसवलेल्या गोष्टी अर्थातच पुष्कळ आहेत. याच्या उलट 'म्हादेई'. गोव्यात बांधलेली ही शिडाची नौका घेऊन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्या कवचात लाकूड आहे, पण काचतंतू आणि राळेच्या थरांत पूर्ण बंद केलेले.

लाकडाला पाण्यापासून वाचवण्याचे हे दोन मार्ग झाले. एक, पूर्ण कोंडून टाका, पाणी शिरूच देऊ नका. दुसरा, पाणी येणार हे गृहीत धरा, ते जायला वाट ठेवा आणि दरवर्षी डागडुजी करा. कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांना माशाचे तेल किंवा काजूच्या टरफलाचे तेल चोपडतात, तो दुसरा मार्ग. पहिला मार्ग उत्तम, पण त्यात फट चालत नाही. एक चीर पडली की आत गेलेले पाणी बाहेर यायला वाट नसते.

पावसाची शाई

आता काळा डाग.

तुरट द्रव्य आणि लोह पाण्यात एकत्र आले की काळा रंग होतो. लोखंडी विळीवर चिरलेल्या कच्च्या केळ्याने पाते आणि हात काळे होतात, ते सगळ्यांनी बघितले आहे. लाकडातही अशी तुरट द्रव्ये असतात. टॅनिन म्हणतात त्यांना. पेटीचा पत्रा गंजला, गंज पाण्यात उतरला, पाणी लाकडात शिरले, आणि काळा चौकोन उमटला.

पण हीच तर शाईची कृती आहे! हिरड्यासारखे तुरट फळ आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, एकत्र केले की काळी शाई होते. दौतीतल्या जुन्या निळ्या-काळ्या शाईतही लोहाचे क्षार असत. म्हणून ती कागदावर निळी उमटे आणि दिवसागणिक काळी पडे. म्हणजे बघा, वडिलांच्या दौतीतून सांडले ते आणि पावसाने आमच्या टेबलावर तयार केले ते, रसायन एकाच जातीचे.

हे समजले तेव्हा आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो. कारण लोहाचा काळा डाग काढायचे जे औषध आहे, ऑक्झॅलिक आम्ल, ते डागाला विचारत नाही की तू कोणाचा. पेटीचा डाग जाईल तसा वडिलांचाही जाईल. आणि ते न वापरता रंधा मारावा तर अक्षरांचे वळ जातील. पेटीचा चौकोन दोन बोटे वडिलांच्या शाईवर चढलेला होता.

'डाग' हा शब्द आम्ही तोवर फार सहज वापरत होतो. एक डाग काढायचा आणि एक राखायचा, हे कशावरून ठरवले? रंगावरून नाही, रसायनावरून नाही. तो तिथे कसा आला यावरून. मोखाड्याच्या त्या खोलीत रात्री कंदिलाच्या उजेडात कुणीतरी खाली बसून सांगते आहे आणि वडील लिहीत आहेत, हे आम्हाला माहीत आहे म्हणून ती शाई. ज्याला माहीत नाही त्याला दोन्ही डागच. गुण वस्तूत असतो, पण त्याचे मोल वस्तूत सापडत नाही. ते जाणणारा माणूस गेला की मोलही जाते. म्हणून तर आज हे तुम्हाला सांगतो आहोत.

काम केले ते असे. वडिलांच्या शाईवरचे जुने पॉलिश काढले नाही. उलट तिथे चपडीचे आणखी दोन हात दिले. आम्लाला चपडी बऱ्यापैकी दाद देत नाही. बाकी पाटावरचे जुने पॉलिश आणि आमचा श्रावणातला पराक्रम, दोन्ही स्पिरिट आणि सुती कापडाने उतरवले. लाखेचा हा मोठा गुण: जशी चढते तशी उतरते, लाकडाचा कणही न नेता.

मग ऑक्झॅलिक आम्ल. हे विष आहे, हे आधी ऐकून घ्या. अळूने घसा खाजतो तो याच आम्लाच्या एका क्षाराच्या सुईसारख्या स्फटिकांनी. इथे तर ते आम्ल स्वतः आहे. रबरी हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, उघडी हवा, मुले आणि जनावरे लांब. भांडे धातूचे नको, प्लॅस्टिकचे किंवा काचेचे. एक लिटर कोमट पाण्यात पन्नास-साठ ग्रॅम. आधी टेबलाच्या खालच्या बाजूला करून बघितले. मग ब्रशने फक्त काळ्या चौकोनावर. वीस मिनिटांत काळ्याचा करडा झाला. स्वच्छ पाण्याने तीनदा पुसले, दोन दिवस वाळू दिले, पुन्हा एकदा लावले. पुष्कळ जण नंतर सोड्याच्या पाण्याने पुसतात. आम्ही टाळले, कारण क्षाराने चपडी सुटते आणि आमची राखण तिच्यावरच होती. एक गोष्ट विसरू नका: हे द्रावण लाकडावर वाळू देऊन मग घासायला बसू नका. त्याची भुकटी नाकात जाणे फार वाईट. पुरते धुऊन काढल्याशिवाय घासणे नाही.

चौकोन गेला. जिथे तो वडिलांच्या शाईवर चढला होता ती दोन बोटे आम्ही तशीच ठेवली. तिथे पाऊस आणि वडील वेगळे करता येत नाहीत.

पाय, सांधा आणि लेप

खोडाळ्याच्या बाजूचे एक वयस्क सुतार आले. आम्ही पाटावरचे डाग दाखवायला लागलो, तर त्यांनी न बोलता टेबल उलटे केले. म्हणाले, 'आधी पोट बघा सर, मग पाठ.' सांधे जुन्या सरसाने जोडलेले होते, आणि सरस पाण्याने सुटतो. ते म्हणाले, हे बरेच झाले. पक्का गोंद असता तर सांधा सुटण्याऐवजी लाकूड फाटले असते. त्यांनी कोमट पाण्याने सांधा साफ करून पुन्हा जोडला. पायाचे कुजलेले चार बोटे बूड कापून तिथे पाडलेल्या घराच्या जुन्या वाशातला साग बसवला. नवा का नाही? नवा साग अजून आकसायचा असतो.

लेपासाठी पर्याय तीन. चपडी सुंदर, पण पाण्याला, उष्णतेला कच्ची. व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन पाण्याला पक्के. नौकेवर तेच लावतात, पहिला हात पातळ करून आणि वर पुष्कळ हात. पण सोलले की सगळे काढावे लागते. तिसरा पर्याय तेल आणि मेण: उकळलेले जवसाचे तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून मुरवायचे, अर्ध्या तासाने उरलेले पुसून काढायचे, असे चार-पाच हात, शेवटी मेण. याचे रक्षण सगळ्यांत कमी, पण दरवर्षी एक हात वरून देता येतो, काही खरवडावे लागत नाही. आम्ही हाच घेतला. सागात स्वतःचे तेल असते, त्यामुळे कुठलाही लेप देण्याआधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसावा, नाहीतर धरत नाही. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

इथल्या वारली आणि कोकणा घरांत बघा. कारवीच्या कुडाला माती-शेणाचा लेप, जमिनीला सारवण. सण आला, लग्न निघाले की पुन्हा सारवतात. जमीन 'खराब झाली' असे कुणी म्हणत नाही. सारवण झिजण्यासाठीच असते. ते झिजते म्हणून खालची जमीन राहते. आम्ही शहरात आयुष्य काढलेली माणसे एकदाच करून कायमचे सुटायला बघतो. टेबलाचा लेप हे सारवण आहे, हे ध्यानात यायला आम्हाला सत्तरी गाठावी लागली.

ते टेबल हेच का?

शेवटचा मुद्दा थोडक्यात. पायाचे बूड नवे, लेप नवा, सांध्यातला सरस नवा, वीतभर अक्षरे गेलेली. मग हे वडिलांचे टेबल आहे का?

ग्रीकांनी हा प्रश्न थीसियसच्या जहाजाबद्दल विचारला: एकेक फळी बदलत गेली, तर ते तेच जहाज राहते का? नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल विचारले: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? आणि दाखवले की 'रथ' हे अंगांच्या जुळणीला दिलेले नाव आहे. नैयायिकांनी याच्या उलट, फार कडक उत्तर दिले. त्यांच्या मते कापडाचा एक तंतू निघाला तर जुने कापड नष्ट होते आणि उरलेल्या तंतूंचे नवे, 'खंडपट', तयार होते. आपण सारखेपणामुळे त्याला जुन्याच नावाने हाक मारतो.

तरुणपणी हे उत्तर आम्हाला अति वाटे. आता वाटत नाही. पॉलिशपेपरने ती वीतभर अक्षरे गेली त्या दिवशी एक टेबल खरोखर संपले. पण पायाचे बूड बदलले तेव्हा तसे वाटले नाही. म्हणजे सगळे अवयव सारखे नसतात. दुरुस्ती करणाऱ्याने पहिले काम हेच करायचे: यातले काय बदलता येते आणि काय येत नाही, याची यादी, हत्यार उचलण्याआधी. आमची यादी हत्यार उचलल्यानंतर झाली.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: आमच्याकडे प्लायवूडचे टेबल आहे, वर सनमायका. ते पाण्याने फुगले आहे. त्याला हे चालेल का?*

नाही. प्लाय म्हणजे पातळ पदर एकमेकांना चिकटवलेले. फुगले म्हणजे पदर सुटले. कडेला थोडे सुटले असतील तर पूर्ण वाळवून, गोंद भरून, शिकंज्यात दाबता येतात. मधोमध फुगले असेल तर तो पाट बदला, पाय आणि सांगाडा ठेवा. आणि नव्या पाटाच्या कापलेल्या कडा बंद करा. पाणी तिथूनच जाते.

*प्रश्न: सर, पावसाळ्यात काहीच करू नये का?*

करावे की. कौले बघावीत. (हशा) टेबल भिंतीपासून हातभर दूर ठेवावे, पायांखाली प्लॅस्टिकच्या टोप्या घालाव्यात, लोखंडी वस्तूखाली कापड नव्हे तर लाकडी फळी ठेवावी. कापड ओल धरून ठेवते. लेपाचे काम मात्र दिवाळी ते होळी.

*प्रश्न: घाई कोणी केली?*

ही म्हणते दोघांनी. हा तिचा मोठेपणा आहे.

*प्रश्न: ती अक्षरे वाचता येतात का?*

एकावर एक इतकी आहेत की बहुतेक नाही. एक शब्द मात्र तीन-चार ठिकाणी स्वच्छ वाचता येतो: 'मेहेरबान'. प्रत्येक अर्जाची सुरुवात तीच असायची ना. पुढे काय मागितले होते आणि ते मिळाले की नाही, हे टेबलावर नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्या काळातला मोखाड्याकडचा एखादा अर्ज, कार्बनची निळी प्रत, जुन्या ट्रंकेत असेल तर आम्हाला बघायला आवडेल. घेऊन या. चहा टेबलावरच होईल, फक्त कप बशीत ठेवायचा.